फिलूबायच्या शिरक्यातली तापलेली खापरी

सोम., १२ जाने.
ज्याने माडाच्या पोटी गोडवा ठेवला आणि त्या गोडव्याला आंबट होण्याची मुभा दिली, त्या रहमान व रहीम अल्लाहच्या नावाने आरंभ.
सकाळी फिलूबायची रिकामी बरणी परत द्यायला गेलो. भिंतीपलीकडची ही ख्रिस्ती शेजारीण माडीचा शिरका, म्हणजे व्हिनेगर, करते. मोहल्ल्यातील निम्मी घरे तोच वापरतात, माझ्या शब्दावर. आज प्रथमच तिला करताना पाहिले. चुलीतून लाल झालेली खापरी, फुटक्या मडक्याचा तुकडा, चिमट्याने उचलली आणि माडीच्या मडक्यात सोडली. चर्र.
तीस वर्षांपूर्वी मी विचारले होते, यात काही घालतेस? "काय्येक नाय," म्हणाली होती. त्यावर मी तो पाक असल्याचा निर्वाळा दिला.

मंगळ., १३
अरबी किताबे खाली काढली. आम्हा कोकणी मुसलमानांच्या शाफई मतानुसार हा मसला, धर्मनियमाचा प्रश्न, स्पष्ट आहे. माडी हराम. ती आपसूक आंबून शिरका झाली तर पाक. मद्यांश कणभर उरला तरी माफ. सावलीतून उन्हात ठेवलेलेही चालते. मात्र काही घालून शिरका केला, तर तो नापाकच.
दुपारी त्याच शिरक्यातले बांगड्याचे लोणचे पानात आले. आज नको म्हटले. सुनेने कपाळाला हात लावून पाहिला, ताप तर नाही ना.

बुध., १४
फि.ला सरळ विचारले.
"घालतंय खंय, मास्तरांनू? परत काढतंय मां. घालूचा म्हणजे मीठ, मिरची. खापरी काय विरघळता?"
प्रश्न माझाच अपुरा होता.
"म्हणजे आता तुमच्यातल्यो बायलो माझ्या दारात येवच्यो नाय?" हे हसत म्हणाली, पण हातातला चिमटा खाली ठेवला नाही.

गुरु., १५
मशिदीचे तरुण इमामसाहेब उत्तरेकडचे, हनफी मताचे. म्हणाले, "दादाजी, आमच्या मजहबात खापरी टाकली तरी शिरका पाकच. तुमची बरणी माझ्याकडे पाठवून द्या." चेहरा गंभीर, डोळे मुळीच नाहीत. नमाजेला एकाच रांगेत उभे राहायचे आणि एका बरणीपुढे मात्र… असो.
असरच्या नमाजेनंतर एका पानाच्या समासात टीप सापडली: घातलेली पाक वस्तू शिरका होण्याआधीच, तिचा कणही मागे न राहता, बाहेर काढली तर हरकत नाही. मन हलके झाले. आता सारे खापरी कधी निघते यावर.

शुक्र., १६
फि.: "वास बदललो की काढतंय."
म्हणजे शिरका होण्याआधी की झाल्यावर?
"ता नाकाक विचारा."
जुम्याच्या नमाजेनंतर मशिदीत उभा राहून सांगितले: माझी चौकशी अपुरी होती, तपास होईतो निर्वाळा मागे घेतो. नकळत खाल्ले त्याचा गुन्हा कोणावर नाही. फिलूबायने फसवलेले नाही. मागून हमीद, माझा जुना विद्यार्थी: "मास्तर, तीस वर्सांनी पेपर परत तपासतास?" सारी मशीद हसली. मलाही आवरले नाही.
संध्याकाळी ती भिंतीशी आली. "माजी चूक नाय, असा सगळ्यांसमोर सांगलास?"
होय म्हटले.
"बरा." आणि आत गेली.

मंगळ., २०
फि.ने दोन मडकी वेगळी ठेवली आहेत. एकात खापरी घातलेलीच नाही. ते मी रोज सकाळी उन्हात सरकवतो. दुसऱ्यातली खापरी काढताना मी हजर राहायचे.
तोवर ती बांगड्यात शिरक्याऐवजी कोकम घालून ताट पाठवते. "शिरको पास जाईसर हाच खावा." चार दिवस दोन भाकऱ्या जास्त जात आहेत.

शनि., २४
हाक आली. दोघे मडक्यावर वाकलो. ती म्हणाली, "आत्ताच बदलता हा." मला अजून माडीचाच वास येत होता. अजून माडीच असेल तर हराम, म्हणून मला चाखणे नाही, आणि इमामसाहेबांना नेमकी सर्दी. खापरी काढली. एक कोपरा नव्हता. आधीपासूनच नव्हता की आत झडला?
"ता मी बघूक नाय," ती म्हणाली. खोटे बोलून मला सहज मोकळे करता आले असते तिला.
मग दुसरे मडके सरकवायला गेलो. आज तिने एका बाजूने धरले. ते अजून अर्धे गोड आहे, म्हणाली.
अल्लाहच जाणे. ही पाने जो वाचेल, त्याच्या घासात बरकत असो, शेजारात सलोखा असो, आणि ज्याचा उलगडा झाला नाही तिथेही त्याच्या जिवाला शांतता लाभो. आमीन.