ओतून टाकलेलं पाणी

आई, तू जाऊन वीस वर्षं होऊन गेली आणि आज मी तुला मामाच्या पायाबद्दल लिहायला बसलेय. दुसऱ्या कुणाला सांगायचं ते कळत नाही. गेले दहा-बारा दिवस माझं कशात लक्ष नाही. भाजी चिरता चिरता थांबते, कपाट उघडते आणि कशाला उघडलं तेच आठवत नाही. घरातले विचारतात, बरं नाही का? मी बरी आहे. फक्त एका जागी बसवत नाही.

तू गेल्यावर मी रोह्याचा दवाखाना सोडला आणि धाटावच्या एका कंपनीत नर्स म्हणून लागले, ती अजून तिथेच आहे. प्रथमोपचाराची एक खोली, एक खाट, एक कपाट. मागच्या पंधरवड्यात आम्हाला शिकवायला एक डॉक्टर मुलगी आली होती, माझ्या लेकीच्या वयाची. म्हणाली, ताजी जखम आधी भरपूर धुवा, सलाइननं नाहीतर पिण्याच्या स्वच्छ पाण्यानं. फेस येणारं औषध आणि स्पिरिट जखमेच्या आत ओतू नका, जंतूंबरोबर नवं येणारं मांसही त्यानं मरतं. मग हसून म्हणाली, "सलाइन म्हणजे तरी काय हो, मोजून मीठ घातलेलं शुद्ध पाणीच." सगळे हसले. मी वही मिटून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. तसं हे मी आधी ऐकलं नव्हतं असं नाही. कानावर यायचं, मी कानाआड करायची. त्या दिवशी ते जमलं नाही.

डोळ्यांपुढे आलं ते पेणजवळचं आपलं घर, सकाळची वेळ, मिठागरं भरात आलेली. माझा नर्सिंगचा कोर्स नुकताच संपलाय आणि मी बॅग भरून औषधं घेऊन घरी आलेय. दोन माणसं मामाला धरून आणतात. खाडीच्या दगडावरच्या कालवाच्या धारदार शिंपल्यानं त्याचा तळपाय अंगठ्यापासून मधोमध चिरलाय. तू चुलीवरचं उकळलेलं पाणी खाली उतरवतेस, त्यात मीठ टाकतेस, निवलं की बोट बुडवून जिभेला लावून बघतेस. मिठागरातल्या सगळ्यांचे हातपाय तू असेच धुवायचीस. किती मीठ, असं कुणी विचारलं तर म्हणायचीस, "डोल्यातला पानी तोंडात गेल्यावर लागतो ना, तवडाच खारट." तू पातेलं घेऊन मामाच्या पायाशी बसतेस, आणि मी ते तुझ्या हातातून ओढून घेते. दारात शेजारची चार माणसं उभी आहेत. मी सगळं पाणी अंगणात ओतते आणि म्हणते, "आई, हे अडाणीपण आता बंद कर. पाय कुजवायचाय का त्याचा?"

मग मी बॅगेतली बाटली उघडून ते फेसाचं औषध जखमेवर ओतलं. पांढरा फेस आला. मामा ओरडला, बघणारे "आरं बापरे" म्हणाले, आणि मला वाटलं, याला म्हणतात औषध. घाण कशी उकळून वर येतेय बघा, असंही मी सांगितलं. सगळे गेल्यावर तू म्हणालीस, "पानी टाकलास तं टाक गो. पन मान्साला चार मान्सांत असा बोलू नको." एवढंच. त्यानंतर मी सुट्टीभर रोज दोनदा तो फेस काढत राहिले, आणि जाताना बाटली मामाकडे ठेवून गेले. जखम पिकली नाही हे खरं, पण मिटेचना. कडा पांढऱ्या पडलेल्या, आत लाल. दीड महिना गेला. मिठाचा सगळा मोसम मामा ओटीवर पाय लांब करून बसून राहिला. अंगठा ताठला तो कायमचा. मी सगळ्यांना सांगायची, मीठ-चिखलातली जखम आहे, वेळ लागणारच. स्वतःलाही तेच सांगायची.

त्या डॉक्टर मुलीला जाऊन चार दिवस झाले असतील, एक कंत्राटी कामगार बाई हात धरून आमच्या खोलीत आली. पत्र्याच्या कडेनं मनगटाच्या वर लांब कापलं होतं. सलाइनची एकच बाटली निघाली, ती धुळीनं माखलेल्या जखमेला पुरणार नव्हती. खोलीतल्या नळाला टाकीचं पाणी, त्यावर माझा भरवसा नाही. मी पिण्याच्या पाण्याचा जार मागवला आणि मग्गा लावून धार सोडत राहिले. तिचा सुपरवायझर दारातच होता. "बाई, तुमच्याकडं औषध नाय काय? पान्यानं काय होतंय? सेप्टिक झाला तं जबाबदार कोन?"

"मी," म्हणाले. कपाटात ती फेसाची बाटली होतीच, एकदा माझी नजर गेली तिच्याकडे. ती बाई मात्र शांत होती. म्हणाली, "घाला पानी. गार वाटतंय."

तिला टाके घालायला आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनला रोह्याला पाठवलं. मग चार दिवस एकच विचार, तिचा हात पिकला तर? पाचव्या दिवशी न राहवून पूल ओलांडून अष्टमी गावात तिच्या घरी गेले. तिनं हात पुढे केला. टाके कोरडे, सूज नाही, वास नाही. "बाई, तुमी येवड्या लांब कशाला आल्या?" तिनं विचारलं. टाके बघायला, म्हणाले. खरं तर मला हलकं वाटायला हवं होतं. उलट तिच्या दारातून निघाले तेव्हा मामाचा दीड महिना न मिटलेला पाय डोळ्यांपुढून हलेना.

म्हणून परवा सुट्टी टाकून एसटीनं पेणला गेले. मामाला खरं सांगायचं ठरवलं होतं. नागोठणं येईपर्यंत मनात वाक्यं जुळवत होते, पेणला उतरेपर्यंत सगळी विस्कटली. मामा आता पार थकलाय, काठी घेऊन ओटीवर बसलेला असतो. मी विचारलं, "मामा, अंगठा दुखतो का रे अजून?" त्यानं पाय माझ्यापुढे केला आणि शेजारच्या म्हाताऱ्याला म्हणाला, "हीच ती. माजा पाय हिनं वाचवला. माजी भैन मरंपर्यंत सगल्यांना सांगत व्हती, माज्या पोरीनं भावाचा पाय वाचवला."

असं सांगत होतीस तू? त्या सकाळनंतरही?

आई, मी मामाला काही सांगितलं नाही. मान खाली घालून चहा प्यायले, आणि शेवटची गाडी चुकेल म्हणून उठले. गाडीला अजून दोन तास होते.