पंचाची सही

गुलमंडी, औरंगाबाद
दि. १४ ऑक्टोबर २००४

जिवलग दोस्त रामकिसन यास कारभारीचा राम राम. वहिनीला नमस्कार. कन्नडकडं पाऊस जाता जाता बरा झाला म्हणतात. मका काढली का?

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. हातात काम लई होतं असं लिहिणार होतो, पण खोटं कशाला? माझ्या सायकलच्या टपरीवर अलीकडं दिवसाला दोनच पंक्चर यायचे.

तू हा चौक ओळखणार नाय. आपण दोघं मिळून भाड्याच्या सायकली लावायचो, तेव्हा कोपऱ्यावर पोलिसातला भिकन जमादार उभा असायचा. बिनदिव्याची सायकल दिसली की चाकाची हवा सोडायचा, अन् वरून म्हणायचा, "जा, कारभारीकडून भरून घे!" आपला निम्मा धंदा त्यानंच चालवला, आठवतं? पण गल्लीतलं पोरगं न पोरगं त्याला नावानिशी ठाऊक. सिनेमा सुटल्यावर बायामाणसं बिनघोर घरी जायची. काय दिवस होते यार!

आता खांबावरचे दिवे बंद, नालीचं पाणी रस्त्यावर, संडासाला कुलूप. पोरं नशेच्या गोळ्या खाऊन दुकानांच्या पायऱ्यांवर पडलेली. म्युन्शिपालटी म्हणती पोलिसांकडं जा, पोलिस म्हणतात म्युन्शिपालटीकडं. पेपरात बातमी आली की एक दिवस गाडी येती अन् सापडंल त्याला उचलून नेती.

तुझ्या पोराला, बद्रीनाथला तसंच उचललं. वाळूजच्या कंपनीतली पाळी करून बसमधून उतरला होता बिचारा. खिशात गोळ्या सापडल्या असं पंचनाम्यात लिहिलं. कंपनीनं काढलं, जमलेली सोयरीक मोडली. तू विचारलंस, "तुझ्याच चौकातल्या कुणीतरी पंच म्हणून सही केली म्हणे. कोण रं तो हरामखोर?"

मीच तो.

फुटपाथवरची टपरी, रामकिसन. शिपाई आला की सही द्यायची, मग टपरीला कुणी हात लावत नाय. कागद कोरा असतो, मजकूर ते नंतर भरतात. सात-आठ वर्षं असंच चाललंय. पोरगं कुणाचं, हे मी कधी विचारलं नाय. त्या दिवशी विचारायची गरजच नव्हती. बद्री गाडीतून ओरडला, "काका, यांना सांगा की, मी आत्ताच उतरलो!" साहेबानं माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घालून सही केली. झडती मी पाहिलीच नाय.

घरी तुझ्या वहिनीला, सारजाबाईला सांगितलं, तर दोन दिवस ती जेवली नाय. म्हणली, "ज्या हातानं त्याला सायकल शिकवली, त्याच हातानं?" मला लई लाज वाटली.

बद्रीच्या वकिलाला माझं नाव दे. कोर्टात उभं राहून सांगतो, सही कोऱ्या कागदावर केली. टपरी परवाच मी स्वतः उचलली. आता धमकवायला त्यांच्याकडं काही उरलं नाय, अन् मागं फिरायला माझ्याकडं.

माफ कर असं लिहायला हात धजत नाय. पण तारखेला ये. बोलू नको पाहिजे तर, नुसता समोर बस. तुझ्या तोंडाकडं पाहून मला खोटं बोलता येत नाय.

तुझ्या लेकराचा गुन्हेगार,
कारभारी