बाईंच्या हाताची स्प्रिंग

अहो,

चिमीला लस टोचायला दवाखान्यात नेते आहे. वरण-भात झाकून ठेवलाय, दही जाळीच्या कपाटात आहे.

तुम्ही गेल्यावर लवूमिस्त्री येऊन गेले. एअरगनच्या दोन स्प्रिंगा दिल्या, तुम्हाला निवडायला. म्हणाले, "वहिनी, साहेबांनी बजावलंय, बाईंच्या हाताला झेपेल अशी नरम पायजे. आता तुम्ही पण नेम धरणार म्हणा ना." त्यांना वाटलं, बाई म्हणजे मी. मलाही वाटलं, पुडी सोडेपर्यंत. आत तुमच्या अक्षरातला कागद होता: 'सुगंधाबाई, रायफल क्लब.'

छर्रा भरायला आपल्या बंदुकीची नळी मला खाली वाकवता येत नाही म्हणून तुम्ही तीन वर्षं मला हसताय. स्प्रिंग नरम घालता येते, हे मला आज कळलं.

जाड तारेची कुठल्याच बंदुकीत घालू नका. मी वेढे मोजले. नळी वाकवून स्प्रिंग दाबताना ते आधीच एकमेकांना टेकतील आणि खटका अडकणार नाही, म्हणजे बंदूक भरणारच नाही. अडकलाच, तर बार काढताना बंदूक उसळून नेम चुकेल. कॉलेजातलं फिजिक्स एवढ्यापुरतं तरी कामाला आलं. बारीक तारेचीच योग्य आहे. आपली बंदूक त्याच मापाची, म्हणून ती मी काढून ठेवली आहे. मिस्त्रींनी माझी म्हणूनच हातात दिली होती. सुगंधाबाईंना दुसरी मागवा.

त्यांच्या हाताला किती जोर झेपतो हे तुम्हाला कसं कळलं, तेवढं मात्र मी आल्यावर सांगा.

चिमीची आई