प्रिय दादा, फोटो बघ

चि. सौ. बबडीस,

दाद्याचे अनेक आशीर्वाद. तुझे गुडघे, मेहुण्यांचं ब्लडप्रेशर आणि नातीचे दात, सगळं जागच्या जागी असेल अशी आशा करतो. मी ठणठणीत. चष्म्याचं दुकान रडतखडत चाललंय आणि सध्या मला ईमेल उघडायला बंदी आहे, म्हणून हे पेनाने लिहितोय. (शाई फुटलीय ती पेनामुळे, भलतं समजू नकोस.)

झालं असं, की समोरच्या डोळ्यांच्या दवाखान्याने फर्मान काढलं: आमचे पेशंट हवे असतील तर सायबर विमा काढा. म्हणजे चोराने कॉम्प्युटरात शिरून गिऱ्हाइकांची माहिती पळवली, तर भरपाई विमा कंपनी देणार. आता लोकांचे चष्म्याचे नंबर चोरून चोर काय दिवे लावणार? पण दवाखाना तुटला तर दुकानाला टाळंच, म्हणून मुकाट्याने काढला. त्यात अट अशी, की सर्व कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यायचं. काचा घासणारे म्हातारबुवा मुलाकडे राहायला गेल्यापासून सर्व कर्मचारी म्हणजे मीच. तरी रीतसर मीटिंग बोलावली, दोन स्टुलं मांडली (सवय, दुसरं काय), कंपनीचा व्हिडिओ लावला आणि शेवटी कुणाला काही शंका आहेत का, असं मोठ्याने विचारलंसुद्धा. कुणाला नव्हत्या. चहा मात्र उरला.

पुढे कंपनी परीक्षा घेते. न सांगता खोट्या ईमेल पाठवते, त्यातलं बटण दाबलं की आपण नापास. बँकेची आली, उडवली. लॉटरीची आली, तिला तर मी हसलो. मग तुझी आली. (अर्जात ‘जवळची व्यक्ती’ म्हणून तुझं नाव मीच दिलेलं, शहाणा!) ‘प्रिय दादा, तुझी फार आठवण येते. फोटो पाठवतेय, बघ.’ बबडे, मी शटर अर्धं ओढलं, चष्मा पुसला आणि दाबलं. पडद्यावर लाल अक्षरं: आपण फसला आहात. मला वाटलं, कॉम्प्युटरच बिघडला. म्हणून फोटो परत पाठव असं तुला लांबलचक उत्तर लिहिलं. गळक्या नळापासून ते एकट्यापुरती भाजी केली तरी दोन दिवस संपत नाही, इथपर्यंत सगळं. ते कंपनीच्या बाईंनी वाचलं.

बाईंचा फोन आला. गोड बोलतात. बहीण नेहमी असं लिहिते का, म्हणाल्या. मी म्हटलं, नाही. शेवटचं कधी लिहिलं होतं? मी हवापाण्याचं काढलं. मग संशय कसा नाही आला, काका? आता काय सांगू, कपाळ! फोन ठेवल्यावर मला फार एकटं वाटलं. पुढच्याच आठवड्यात तुझ्या नावाने आणखी एक आली आणि मी पुन्हा नापास. म्हणून बाईंनी काही दिवस ही ईमेलबंदी घातलीय.

मेहुण्यांना नमस्कार, नातीला पापा.

तुझा,
दोनदा फसलेला दाद्या

ता. क.: घरच्यांनी आपसात काही खूण ठरवावी, असं बाई म्हणतात. तू मला जन्मात कधी ‘प्रिय’ म्हटलेलं नाहीस. तेव्हा ‘दाद्या मेल्या’ अशी सुरुवात कर, म्हणजे मी ओळखेन.

आणखी ता. क.: खरं सांगायचं तर दुसरी ‘प्रिय’ बघूनच ओळखली होती. तरी दाबली. म्हटलं, न जाणो.

शेवटचं: तिसऱ्यांदा नापास झालो की विमा रद्द, दवाखान्याचे पेशंट बंद, दुकान बंद. आणि बंदी उठल्यावर तिसरी आली तर मी दाबणारच, माझा मला भरवसा नाही. तेव्हा त्याआधी तुझं येऊ दे. फोटो नसला तरी चालेल.