राखीव सर्व्हर

३ नोव्हेंबर
आलो एकदाचा! बोईसरला उतरलो आणि नाकात दोन वास एकदम शिरले, एक कारखान्यांचा आणि एक सुक्या मासळीचा. वाशीमच्या माणसाला दोन्ही नवे. नोकरी एमआयडीसीतल्या डेटा सेंटरमध्ये आहे, पगार बरा, एसीचा गारवा फुकट. खोली कंपनीतल्या प्रियंकानं सुचवली. नवापूरला, समुद्र हाकेच्या अंतरावर. घरमालकीण चंद्रकांताकाकी बोंबील वाळवून विकतात. मी मासे खात नाही म्हटल्यावर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, जणू मला काही जुना आजारच आहे. मग मुकाट्यानं वालाची भाजी केली.

खोली त्यांच्या एकुलत्या एका मुलाची, भावेशची. कंपनीत माझ्या जागेवर आधी तोच होता. सर्व्हर रूममध्ये त्याला विजेचा जबर झटका बसला, तेव्हापासून मागच्या खोलीत पडून असतो. बोलत नाही, हलत नाही, भरवलं तर गिळतो आणि दारातून जाणाऱ्याकडे टकामका बघत राहतो. फार वाईट वाटलं. रात्री आईला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, त्या माउलीला जीव लाव.

९ नोव्हेंबर
आज रविवार. काकी अंगणात वलांडीच्या बांबूंवर बोंबील अडकवत होत्या. त्यांनी विचारलं की भावेश नेमकं काय काम करायचा, त्यानं कधी धड सांगितलंच नाही. झालं, माझ्यातला मास्तर जागा झाला! म्हटलं, एका लोखंडी सर्व्हरच्या पोटात पाच-पन्नास आभासी मशिनं चालतात. कुणाच्या बँकेचं, कुणाच्या दवाखान्याचं. सर्व्हर मेला तरी ती मरत नाहीत. त्यांचा सगळा जीव वेगळ्या साठ्यात असतो. दुसऱ्या सर्व्हरवर ती आपोआप उठतात आणि गिऱ्हाइकाला पत्ताही लागत नाही.

काकी लगेच म्हणाल्या, आमच्या घरात होडीचं तसंच. त्यांचं माहेर दातिवऱ्याचं. तिथं जुनी होडी कुजली की तिचं सुकाणू, डोलकाठी, देवाचा नारळ, सगळं एकेक करून नव्या होडीवर चढवायचं. होडी तीच राहते, फक्त लाकूड बदलतं. पण शेवटी जुनी फोडावीच लागते. एका होडीच्या दोन झाल्या की दोघी बुडतात.

मी टाळीच दिली! आमचाही तोच नियम. जुना सर्व्हर पुरता बंद केल्याची खात्री हवी, नाहीतर एकच मशीन दोन ठिकाणी उठतं आणि सगळ्याचा विचका होतो. मग त्यांनी विचारलं, नव्यावर आधीच कुणी बसलेलं असलं तर? मी म्हटलं, जागा पुरली नाही तर कमी महत्त्वाचं बंद करतो.

"कमी म्हत्त्वाचा कोन, ता कोन ठरवतो?"

आम्हीच, मी हसत म्हटलं. आधीच खूण करून ठेवतो. मग इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. माझ्या घरी कोण कोण, त्यांनी विचारलं. आई आणि थोरला भाऊ, मी सांगितलं.

१५ नोव्हेंबर
काकींचा जीव जडलाय माझ्यावर. भावेशचे शर्ट दिले, नुसते पडून होते म्हणाल्या. मापात बसले. जेवायला त्याचंच ताट, त्याचाच पाट. काल चपलाही. लाड करून घ्यायला कुणाला नको असतं?

एक गंमत. आज ताटात कोथिंबीर पेरलेलं बोंबलाचं सुकं होतं. मी बघता बघता खाल्लं. काटा कुठे असतो, तो जिभेनं कसा बाजूला करायचा, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आईला सांगितलं नाही. ओरडली असती.

भावेश हल्ली माझ्याकडे बघत नाही. छताकडे बघतो.

२१ नोव्हेंबर
कंपनीत विचित्रच झालं. एक सर्व्हर पडला. त्यावरची सगळी मशिनं शेजारच्या राखीव सर्व्हरवर शिस्तीत उठली आणि आम्ही चहा मागवला. मग मी माझा पासवर्ड टाकला, तो चुकला. पुन्हा टाकला, पुन्हा चुकला. प्रियंका मागे उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला. म्हणाली, मी टाकत होतो तो भावेशचा पासवर्ड. तो फक्त तिला आणि भावेशलाच माहीत होता. त्यात तिचं लाडाचं नाव होतं.

मी म्हटलं, कुठेतरी चिकटवलेला दिसला असेल. दुपारी ती डबा घेऊन दुसऱ्या टेबलावर बसली.

२५ नोव्हेंबर
सकाळी उठताच समजलं की ओहोटी लागलीय. खिडकी बंद होती. अंगालाच कळलं.

भावाला फोन लावायचा होता. त्याचं नाव आठवेना. सख्ख्या भावाचं! फोनमध्ये शोधायला नाव तर आठवायला हवं ना. शेवटी यादीतल्या आडनावावरून शोधला. महेंद्र. महेंद्र, महेंद्र, महेंद्र. इथे लिहून ठेवतो.

काकींनी आज चांदीचा करदोडा दिला. नको म्हटलं, तरी स्वतःच्या हातानं कमरेला बांधला. त्यांचे हात गार होते. मी उभा राहिलो, लहान पोरासारखा.

२८ नोव्हेंबर
मागच्या खोलीत गेलो. भावेशच्या अंगावर काहीच उरलेलं नाही. शर्ट नाही, करदोडा नाही. कमरेला पांढरा वळ तेवढा आहे. तो आता गिळतही नाही. भिंतीकडे तोंड.

सगळं माझ्या अंगावर आहे. एकेक करून.

मी काकींना सरळ विचारलं, हे काय चालवलंय? त्या बोंबील निवडत होत्या. मान वर न करता बोलल्या. आवाजात राग नव्हता, तेच भयंकर.

"तुज्या आयला दोन हायत, बाला. माला येकच."

मी खूण करून ठेवली होती. माझ्याच तोंडानं. भाऊ आहे म्हणून सांगितलं होतं.

२९ नोव्हेंबर
पळालो. करदोडा तोडायला गेलो तर हात चालेना, तसाच निघालो. बोईसर स्टेशन. खिडकीपुढे रांग. माझा नंबर आला, आतल्या माणसानं विचारलं, कहाँ का?

कुठलं?

माझं गाव. घर. दारात काहीतरी झाड होतं. आई कुठे राहते—

मागचे लोक ओरडले, भाई, जल्दी करो. मी बाजूला झालो. वही काढून पहिलं पान वाचलं. त्यावर वाशीम लिहिलंय. मला ते नाव अनोळखी वाटलं. कुठल्या बाजूला आहे, तेही कळेना.

पाय नवापूरच्या रिक्षाकडे वळले. काकींनी जेवण झाकून ठेवलं होतं. भूक लागली होती. जेवलो.

१ डिसेंबर
आई म्हणजे कशी दिसते? डोळे मिटले की वलांडी दिसते, हिरवं लुगडं दिसतं. ते तिचं नाही. तिचं नाही, तिचं नाही.

महेंद्र. कोण आहे हा?

घाबरलोय. अजून घाबरणारा मीच आहे ना? की तेही—

४ डिसेंबर
त्यांनी सांगितलं, आज जुनी फोडायची. येकाच्या दोन नको. मीच म्हणालो होतो ना, पुरतं बंद झाल्याची खात्री हवी.

मी भावेशचे पाय दाबून धरले. त्यांनी तोंडावर उशी. रडत होत्या, पण हात ढिला सोडला नाही. पोटचा गोळा, आणि हात ढिला नाही. पाय थोडे झटकले. मग थांबले.

मी का धरले? का—

त्यानंतर त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्या नावानं हाक मारली. मी ओ दिली.

७ डिसेंबर
उशीखाली ही वही गावली. अक्षर माज्यासारखंच हाय, पन मी असला काय लिहिला नाय. कोनी अनुज म्हनून भाडेकरू व्हता वाटते. भ्रमिष्ट असल बिचारा.

उद्यापासून कामावर. प्रियंका भेटल.

टेबलावर फोन सारखा वाजते. कोनाचा हाय कोन जाने. वर 'आई' असं येते. आय तर अंगनात हाय, वलांडीवर बोंबील टाकते. परत वाजला. आता उचलतो नि सांगून टाकतो त्या बाईला, अनुज नावाचा हितं कोनी—