बर्फाच्या चंद्रावरचा तह व इतर मालमत्ता

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा पुस्तकबांधणी, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत टाचला आहे. हे मृत्युपत्र मी राजीखुशीने करत आहे. दडपण कोणाचंही नाही. दिराने आणून पाहिलं, जमलं नाही. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. ते मी रागात केलं होतं.

कलम १. खालचं दुकान आणि वरच्या दोन खोल्या माझ्या एकुलत्या एक मुलीला मिळाव्यात. ती गावभरच्या लिफ्ट दुरुस्त करते. आता आपल्या जिन्याची तिसरी पायरीही तिने बघावी. सांगून सांगून माझी जीभ झिजली.

कलम २. बँकेत जे काही असेल तेही तिचंच.

कलम ३. लोखंडी प्रेस, कागद कापायचं यंत्र, दाभणं आणि खळीची भांडी कागदवाल्यांच्या सुनेला द्यावीत. तिचा हात माझ्यापेक्षा सफाईदार आहे. तोंडावर कधी सांगितलं नाही, म्हणून इथे सांगते.

कलम ४. माझ्या यजमानांचं मनगटी घड्याळ भाऊजींना, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांना. यजमानांच्या आजारपणात त्यांनी ते दुरुस्तीला म्हणून नेलं, ते आजतागायत आलेलं नाही. सबब जे त्यांच्याकडे आहेच, तेच मी त्यांना देत आहे.

कलम ५. आता दुकानामागच्या खोलीतलं मोठं टेबल, फाशांचा डबा आणि मी स्वतः बांधलेल्या सतरा वह्या. याला कारण जोडणं भाग आहे.

या टेबलावर आम्ही दर रविवारी सकाळी दहाला अवकाशाचा खेळ खेळत असू. साधन काही नाही. कागद, पेन्सिली, फासे आणि तोंडं. जो तो अवकाशातलं एक माणूस होतो आणि आपण काय केलं ते बोलून सांगतो. सूत्रधार मी. बर्फाच्या चंद्रावर खाणवाले राहतात, बर्फ फोडून पाणी काढतात. जहाजवाले ते पाणी वाहतात. बंदर कोणाचं, यावरून दोघांचं वाकडं. खाणवाल्यांची पुढारी एक म्हातारी वैद्यीण होती. तिची भूमिका माझे यजमान करत, आवाज बारीक काढून. ते गेल्यावर त्यांच्या अक्षरातला, वैद्यिणीची माहिती लिहिलेला कागद मुलीने घेतला आणि वैद्यीण पुढे चालवली. जहाजवाल्यांचे सेनापती भाऊजी. शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेला, एकटा राहणारा माणूस. उभ्या आयुष्यात शिट्टीपलीकडे शस्त्र हाती धरलेलं नाही.

युद्ध की तह, यावर या दोघांनी अकरा रविवार माझा जीव खाल्ला. युद्धात जहाजं जातील, तहात अब्रू जाईल. एक होकार देई तेव्हा दुसऱ्याला शंका येई. मी चहा करून थकले. अखेर बाराव्या रविवारी तहाचा कागद तयार झाला, मीच तो सुवाच्य अक्षरात उतरवला. वैद्यीण सही करायला बंदरावर आली आणि भाऊजी शांतपणे म्हणाले, "जहाजवाले हल्ला करतात."

हल्ल्यातून वैद्यीण वाचते का, याचा फासा मुलीने स्वतः टाकला. एक पडला, म्हणजे वैद्यीण मेली.

तिने वडिलांच्या अक्षरातला कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि ती निघून गेली. त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून काका-पुतणी एकमेकांशी बोललेले नाहीत. एकाला जेवायला बोलवायचं तर दुसरा आलेला नाही ना, हे मला आधी बघावं लागतं. खेळातल्या बंदरासाठी माझ्या स्वयंपाकघराची फाळणी झाली आहे.

कलम ६. ही मालमत्ता नव्हे, पण ठेवायची कुठे? त्या हल्ल्यानंतरच्या रविवारी बरोबर दहाला भाऊजी एकटेच आले आणि रिकाम्या टेबलाशी बसले. मी त्यांना वाट्टेल ते बोलले. ते सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "वहिनी, तह झाला असता तर खेळ संपला असता. मग रविवारी मी जायचं कुठं?" म्हातारी मरेल असं त्यांना वाटलं नव्हतं. हे कोणाला सांगू नका, असा शब्द त्यांनी माझ्याकडून घेतला. मी जिवंत आहे तोवर तोंडाने सांगणार नाही, असा त्या शब्दाचा अर्थ मी लावला आहे. मृत्युपत्र त्यात येत नाही.

कलम ७. टेबल, फासे आणि वह्या दोघांना मिळून द्याव्यात, वाटणी करू नये. सूत्रधार या नात्याने माझा निकाल असा: वैद्यीण मेली ती मेली. मेलेलं माणूस परत आणायची सोय असती, तर मी ती आधी दुसरीकडे वापरली असती. मात्र दोन्ही पक्षांत तह झाला असं धरावं. त्याची मुदत सात दिवस. दर रविवारी दहाला बसून तो नव्याने करावा.

कलम ८. हे सगळं अमलात आणायला मी मुलीला नेमते.

पुरवणी. नेमायचं तर तिने कागद वाचायला हवा, असं वकीलबाई म्हणाल्या. म्हणून बुधवारी मी तो तिच्यापुढे ठेवला. कलम ६ तिने दोनदा वाचलं.

"आई, हे तू तीन वर्षं पोटात ठेवलंस?"

मी म्हटलं, शब्द दिला होता. ती तशीच उठून काकांकडे गेली. तिथे काय झालं ते मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं. जुळतं ते इतकंच, की तिने विचारलं, मला का नाही सांगितलंत, आणि ते म्हणाले, "दादाचं अक्षर होतं गं त्या कागदावर. कोणत्या तोंडाने येऊ?"

आज रविवार. दोघं पावणेदहालाच हजर झाली. मी कलम ७ वाचून दाखवलं. भाऊजी लगेच म्हणाले, मान्य. मुलीने नकारार्थी मान हलवली. म्हणाली, खाणवाल्यांना तह नको, युद्ध हवं. भाऊजींचा चेहरा उतरला. तेव्हा तिने कोरा कागद पुढे ओढला, पेन्सिलीला टोक केलं आणि म्हणाली, "लांबलचक युद्ध, काका. वीस-पंचवीस वर्षं तरी चालेल. तुम्ही मध्येच उठायचं नाही."

माझा तह असा दोघांनी मिळून धुडकावला आहे. सबब कलम ७ मधली तहाची वाक्यं मी खोडत आहे. खोडल्याजागी माझी सही आहे.

सही: बाइंडरबाई

साक्षीदार, आमच्यादेखत सही झाली:
१. वरच्या गल्लीतल्या दातांच्या डॉक्टर (सही)
२. कागदवाल्यांकडचे जुने कारकून (सही)

(भाऊजींना साक्षीदार व्हायचं होतं. ज्याला काही मिळतं त्याने साक्ष देऊ नये, हे त्यांना पटवण्यात अर्धा तास गेला.)

ठिकाण: दुकानामागची खोली
दिनांक: १७ ऑक्टोबर २०२१, रविवार, दुपारी पावणेदोन, लढाई चालू