नारळाच्या तुकड्याचा एक तास

कर्नूलच्या पुढे, धावत्या जीपमधून
१० डिसेंबर २००३, सकाळी ९.२०

तीर्थरूप किशनमामांना पुनमचा नमस्कार. पायांवर डोकं ठेवलं आहे असं समजावं. प्रत्यक्षात मांडीवर पॅड आहे आणि पॅडवर हा कागद.

तुमचा घसा आता कसा आहे? केवळामामींच्या गुडघ्याचं काय? निर्मलहून कंधारला परतताना टेम्पोत त्यांना पुढे बसायला मिळालं की लाऊडस्पीकरचे कर्णेच पुढे बसले, हे कळवावं. आम्ही दोघी ठीक आहोत. अक्षर वाकडं दिसेल. जीप ताशी वीस किलोमीटरने चालली आहे आणि आमच्या शेषेरावांना हा वेग सहन होत नाही, म्हणून ते दर दोन मिनिटांनी क्लच दाबून सुस्कारा सोडतात. त्या वेळी अक्षर हलतं. बाकी चूक माझी.

परवा निर्मलच्या चौकात तुमच्याशी नीट बोलता आलं नाही. तुम्ही बोलत होतात. म्हणून शर्यतीबद्दल जे सांगायचं राहिलं ते आता क्रमाने लिहिते.

दिल्ली ते कन्याकुमारी, साधारण अठ्ठावीसशे पन्नास किलोमीटर, दोघींचा संघ, सायकल एक. एक चालवते तेव्हा दुसरी मागच्या जीपमध्ये बसते, तासाने बदलायचं. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा एवढंच चालवता येतं. दिवस बारा. बाराव्या दिवशी सहाच्या आत पोचलेल्या संघाने सांगितलेल्या कामासाठी शर्यत भरवणारी टायर कंपनी इमारत बांधून देणार. सहा वाजून एक मिनिटाने पोचणाऱ्याला प्रमाणपत्र मिळतं. आमचं काम तुम्हाला माहीतच आहे: लातूरचं मुलींचं वसतिगृह, म्हणजे भूकंपानंतर वर्षभरासाठी म्हणून उभी केलेली आणि दहा वर्षं झाली तरी उभी असलेली ती पत्र्याची शेड. तिथे औसा-निलंग्याकडच्या अडतीस मुली राहतात आणि बारावीचा अभ्यास करतात. मे महिन्यात दुपारी तीन वाजता मी आत तापमापक टांगला होता. साडेत्रेचाळीस. मुली डोक्यावर ओला टॉवेल घेऊन रसायनशास्त्र पाठ करत होत्या, आणि तारामतीबाई (त्यांच्या वॉर्डन) पुठ्ठ्याने त्यांना वारा घालत होत्या. सबंध महाराष्ट्रातून पोरं लातूरला क्लास लावायला येतात, त्यांना खोल्यांत कूलर असतात. मला मुलींची कीव आली असं नाही. मला ते मोजमाप चुकीचं वाटलं.

माझी जोडीदार मुबश्शिरा, तिचं मात्र तसं नाही. ती सकाळी त्या मोठ्या क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते आणि संध्याकाळी शेडमध्ये फुकट शिकवते, त्यामुळे तिला अडतीसही नावं पाठ आहेत. चढ आला की ती ती नावं घेत पायडल मारते. (मी आकडे म्हणते.) तिचे वडील हनीफचाचा यांचं नांदेडला सायकलचं दुकान आहे, दुरुस्त झालेली प्रत्येक सायकल गिऱ्हाइकाला देण्याआधी पोरीने चालवून बघायची, या शिरस्त्यामुळे ती आठव्या वर्षापासून रोज दहा वेगवेगळ्या सायकली चालवत आली. माझा सराव म्हणजे नांदेड ते विष्णुपुरी, चार वर्षं, कॉलेजला, वाळूच्या ट्रकांच्या बाजूने. शर्यतीची सायकल चाचांनी स्वतः जोडली. चाकाची एकेक तार त्यांनी कान लावून ताणली, मी नंतर मापून पाहिली, फरक सापडला नाही. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

जीपमध्ये चौथे गृहस्थ आहेत ते पंच, लुधियान्याचे हरदयालसिंग. नियमांची वही छातीशी, दोन घड्याळं, बोलणं कमी. आम्ही नांदेडच्या आहोत हे कळल्यावर त्यांनी दिल्लीत आधी हात जोडले, मग वाकून सायकलच्या चाकाला हात लावून तो कपाळाला लावला, कारण ते चाक हुजूरसाहेबच्या गावातून आलेलं. मला वाटलं, माणूस आपल्या बाजूचा निघाला. त्यानंतर वीस सेकंदांत त्यांनी आमच्या घंटीचा आवाज कमी आहे म्हणून शेरा लिहिला.

पाच दिवस सगळं तक्त्याप्रमाणे झालं. एकच नोंद: हिंगणघाटच्या अलीकडे एका म्हाताऱ्या बाईंनी हात केला आणि शेषेरावांनी जीप थांबवली. (अठ्ठावीस वर्षं एसटी चालवली आहे, हात दिसला की पाय ब्रेकवर जातो, त्यात डोक्याचा भाग नसतो.) बाई बसल्या, नऊ किलोमीटरवर उतरल्या, आणि उतरताना तिकिटाला पैसे काढू लागल्या. हरदयालसिंगांनी वही उघडून विचारलं की या बाई संघात कोणत्या पदावर आहेत. तरीही पाचव्या दिवसाअखेर आमच्याकडे दोन तास वीस मिनिटं राखीव होती. टायर, ताप, बंगळूरची गर्दी या सगळ्यासाठी मी ती जमवली होती. तुमच्यासाठी जमवली नव्हती.

यात माझीही चूक आहे आणि ती लिहिलीच पाहिजे. तक्ता मीच तुम्हाला पाठवला होता. प्रत्येक गाव, तारीख, वेळ. 'निर्मल, ता. ८, सकाळी ११.४०.' कौतुक व्हावं म्हणून पाठवला, दुसरं कारण नव्हतं. 'साधारण दुपारी' असं लिहिलं असतं तर कंधारहून दोन जीपा आणि कर्ण्यांचा टेम्पो घेऊन तुम्हाला सत्तेचाळीस माणसं आणता आली नसती. आम्ही ११.४४ ला आलो. चार मिनिटं उशीर झाल्याचा उल्लेख तुम्ही भाषणात दोनदा केलात.

हार, शाली, फेटे. मुबश्शिराला हेल्मेटवरूनच फेटा बांधला गेला आणि तो सोडवायला मला ब्लेड लागलं. तुम्ही माझ्या तिसरीतल्या बक्षिसापासून सुरुवात केलीत. मी मनात म्हटलं, शाळेची अजून नऊ वर्षं आहेत, नंतर पदवी. मामींनी धपाट्यांचा डबा पुढे केला तो मी परत केला, कारण बाहेरच्या माणसाने दिलेलं अन्न खाल्लं तर एक तास दंड, असा नियम आहे. डब्याला वास येत होता. या शर्यतीत मी जे काही केलं त्यात ते सर्वांत अवघड होतं, आणि मामींना ते कळलं नाही हे त्यांच्या तोंडावरून दिसत होतं. त्यांना तेवढं सांगावं.

आणि मग, आम्ही निघालो असं वाटत असताना, तुम्ही दृष्ट काढायला पुढच्या चाकासमोर नारळ फोडलात आणि खोबऱ्याचा तुकडा मुबश्शिराच्या हातावर ठेवलात. मी जीपच्या दारात होते, साडेतीन मीटरवर. तिने तुकड्याकडे पाहिलं, तुमच्याकडे पाहिलं, हरदयालसिंगांकडे पाहिलं, आणि खाल्ला.

पुढचं तुमच्यासमोरच झालं, पण त्या वेळी तुम्ही रागात होतात म्हणून पुन्हा लिहिते. तुम्ही म्हणालात, "अहो सरदारजी, परसाद हाय त्यो, जेवण न्हाई." ते म्हणाले, "परसाद है, मानता हूँ. मैंने भी खाया. पर लड़की ने निगल लिया ना? निगला तो खाना." तुम्ही सत्तेचाळीस माणसांना साक्षीला बोलावलंत. त्या सर्वांनी एकमुखाने सांगितलं की पोरीने खाल्लं, आम्ही पाहिलं. हरदयालसिंगांनी त्यांचे आभार मानले आणि एक तास लिहिला. मला त्यांचा राग आला नाही. स्वतः प्रसाद घेऊन प्रसादाचा दंड लिहिणं सोपं नसावं. लिहिताना त्यांचा हात थांबला होता.

सत्काराची एक तास पन्नास मिनिटं. तीन किलोमीटरवर पुढचं चाक बसलं: टायरमध्ये करवंटीचा त्रिकोणी तुकडा, लांबी सहा मिलिमीटर. त्याची पंचवीस मिनिटं. मग दंडाचा तास, चिंचेखाली, काही न करता. एकूण सव्वातीन तास. राखीव वजा जाता आम्ही पंचावन्न मिनिटं मागे. म्हणजे कन्याकुमारीपर्यंत दर तासाला ठरल्यापेक्षा सव्वादोनशे मीटर जास्त. कागदावर हे काहीच नाही. मांडीला कळतं.

चिंचेखाली मी मुबश्शिराला शांतपणे म्हटलं की तुकडा मुठीत ठेवता आला असता. ती डोळे मिटून पडली होती.

"तुझ्या मामूंनी दिला," ती म्हणाली. "माझं नाव ऐकून हात मागे घेणारे लई पाहिलेत मी. ह्या माणसानं पुढं केला. मी काय, नियम दाखवू त्याला?"

थोड्या वेळाने ती म्हणाली, "मुली शेडमध्येच राहिल्या तर मीच जाऊन सांगीन त्यांना. एकेकीला. तू येऊ नको." नंतर तास संपेपर्यंत ती झोपली. मी चाक सरळ केलं. ते सरळच होतं.

तेव्हा मामा, मुद्दा एवढाच. भाषणाच्या शेवटी तुम्ही जाहीर केलंत की धर्माबादच्या माणिकप्पांचे मिरचीचे आडते महामार्गावर गावोगावी आहेत आणि ते पुढे जागोजागी आमचा सत्कार करतील. गुत्ती, सेलम आणि मदुराई ही नावं मी टिपून घेतली आहेत. कृपा करून ते तिन्ही रद्द करावेत. तुमचं प्रेम आम्हाला पोचलं आहे. ते आता पुढे पाठवू नये.

मामींना नमस्कार.

तुमची भाची,
पुनम

ता.क. (सेलम, १२ डिसेंबर, दुपार) पत्र अजून माझ्याकडेच आहे. पेटीत टाकायला थांबलं तर चार मिनिटं जातात, म्हणजे सव्वा किलोमीटर. त्यामुळे सत्कार रद्द झाले नाहीत. गुत्तीला पंधरा माणसं हार घेऊन रस्त्यात उभी दिसली तेव्हा मी सायकलवर होते. बाजूने निघून गेले. मागून जीप आली आणि हात दिसल्यावर शेषेराव थांबले. मिरचीवाल्यांना मराठी येत नव्हतं, म्हणून त्यांनी समोर दिसले त्या शेषेरावांनाच शाल पांघरली. अठ्ठावीस वर्षांत एकही अपघात नाही, आणि आजवर कुणी त्यांना हार घातला नव्हता म्हणे. मला गाठलं तेव्हा ते शाल न काढता गाडी चालवत होते. पुढचा चढ संपेपर्यंत त्यांनी एकदाही सुस्कारा सोडला नाही. आता आमची पद्धत ठरली आहे: सत्कार शेषेरावांचा, सायकल थांबत नाही. बंगळूरच्या गर्दीने घेतलं ते तोप्पूरच्या उताराने परत केलं. बावीस मिनिटं मागे.

ता.क. २ (कन्याकुमारी, १४ डिसेंबर, सायंकाळी ६.४०) पोचलो. ५ वाजून ५३ मिनिटं. शेवटचे अकरा किलोमीटर समोरून वारा होता आणि मुबश्शिरा चालवत होती. मी जीपच्या खिडकीतून तिला उरलेलं अंतर ओरडून सांगत होते. ती म्हणाली, आकडे बंद कर, नावं घे. मला एकोणीसच आठवली. तीच दोनदा घेतली. हरदयालसिंगांनी वेळ लिहिली, दोन्ही घड्याळं पुन्हा पाहिली, मग वही मिटून समुद्राकडे तोंड करून बराच वेळ उभे राहिले. मुबश्शिरा रस्त्यावरच बसून आहे. रडते आहे की हसते आहे हे मी तपासलेलं नाही.

ता.क. ३ (तिथेच, ७.१५) कंपनीच्या माणसाने आत्ताच एक कागद दिला. इमारत मिळेल, पण जागेच्या मालकाने ती वसतिगृहाला तीस वर्षांसाठी लिहून दिली पाहिजे, एकतीस डिसेंबरच्या आत. त्याने विचारलं की मालक कोण. मी सांगितलं, माझे मामा.

त्र्याण्णवच्या ऑक्टोबरात तुम्ही तो प्लॉट शेडसाठी मोकळा करून दिलात तेव्हा त्यावर तुमच्या घराचा पाया आखलेला होता. आज तिथे चार मजली क्लास उभा राहू शकतो आणि त्यासाठी माणसं तुमच्याकडे खेपा घालतात, हे मला मामींकडून माहीत आहे. तुम्ही जाहीर भाषणात माझं तिसरीचं बक्षीस सांगता, पण त्या जागेचा उल्लेख तुमच्या तोंडून मी दहा वर्षांत ऐकलेला नाही. निर्मलला मी वाट पाहत होते. त्यातही नव्हता.

कागद सोबत जोडला आहे. सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने फुली केली आहे. मामींची साक्षीदार म्हणून खाली लागेल, त्यांना आधी विचारावं. 'नाही' म्हणालात तर मी समजू शकते, मात्र मुबश्शिराला ते मीच सांगेन.

या पत्राची आधीची पानं फाडून टाकणार होते. पण त्यातलं सगळं खरं आहे, म्हणून मला फाडता आली नाहीत. तुम्ही फाडलीत तर चालेल. सोबतचा कागद फाडू नये, त्याची दुसरी प्रत नाही.